पन्हाळ्यावरून तारे पाहायचेत? मग दुर्बिणीसोबत मानेचीही सोय करा!

थंडी पडू लागली, आकाश निवळले की मोबाइलवर ताऱ्यांचे रील फिरू लागतात. त्यातलेच एखादे पाहून घरात १०×५० ची द्विनेत्री दुर्बीण, म्हणजे बायनॉक्युलर, येते. सुट्टीला पन्हाळ्यावर मुक्काम ठरतो. रात्री जेवणे आटोपून सगळे गच्चीवर जमतात. दुर्बीण डोळ्यांना लागते आणि "अरे बापरे, केवढे तारे!" असा पहिला उद्गार निघतो. मग पाचच मिनिटांत मान अवघडते, हात भरून येतात, तारे काही केल्या थरथरायचे थांबत नाहीत. दुर्बीण पिशवीत जाते आणि घरी आल्यावर कपाटात.

दोष दुर्बिणीचा नसतो, आकाशाचाही नसतो. कमी पडतो तो आधार. दुर्बीण कशावर ठेवायची आणि आपण स्वतः कसे बसायचे, हा प्रश्न दुर्बीण निवडण्याइतकाच महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रातून, आणि विशेषतः पन्हाळ्यासारख्या दक्षिणेकडच्या ठिकाणाहून, त्याचे उत्तर थोडे वेगळे आहे. ते का आणि कसे, हे या लेखात पाहू.

पन्हाळाच का?

पन्हाळा कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या आसपास उंचीवर आहे. शहराच्या दिव्यांचा उजेड मुख्यतः आग्नेयेकडे राहतो आणि पश्चिमेकडचे आकाश बरेच काळोखे मिळते. शिवाजी विद्यापीठाचे अवकाश संशोधन केंद्रही इथेच आहे. वातावरणाच्या वरच्या थरांतून रात्री जो अतिशय मंद प्रकाश येतो (एअरग्लो), त्याची शास्त्रीय निरीक्षणेही पन्हाळ्यावरून झाली आहेत.

पण आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे पन्हाळ्याचा अक्षांश: सुमारे १६.८ अंश उत्तर.

अक्षांशाचा आणि मानेचा काय संबंध?

सरळ संबंध आहे. एखादा तारा आपल्या डोक्यावरून किती उंचावरून जाणार, हे आपला अक्षांश ठरवतो. पन्हाळ्याचे गणित पाहा.

- रोहिणी: हा तारा जवळजवळ नेमका डोक्यावरून जातो. खस्वस्तिकापासून (आकाशातला बरोबर आपल्या माथ्यावरचा बिंदू) त्याचे अंतर चंद्राच्या रुंदीपेक्षाही कमी असते. जानेवारीच्या मध्यात रात्री साडेनऊच्या सुमारास हे दिसते.
- कृत्तिका: खस्वस्तिकापासून फक्त ७ अंशांवर.
- पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ: अवघ्या ३ अंशांवर. मार्चच्या मध्यात रात्री साडेनऊच्या पुढे-मागे तो डोक्यावर येतो.
- स्वाती: २ ते ३ अंशांवर. मेअखेरीस रात्री सव्वादहाच्या सुमारास.
- मृगातला तेजोमेघ: क्षितिजापासून ६८ अंश उंच.
- देवयानी दीर्घिका: उत्तरेकडे ६५ अंशांहून थोडी जास्त उंच. नोव्हेंबरच्या मध्यात रात्री पावणेदहाच्या आसपास.

म्हणजे दुर्बिणीतून जे सगळ्यात सुंदर दिसते, त्यातले बरेचसे आपल्याकडे थेट डोक्यावर असते! लंडनहून पाहणाऱ्याला रोहिणी जास्तीत जास्त ५५ अंशांवर दिसते आणि मृगातला तेजोमेघ जेमतेम ३३ अंशांवर. तिथला माणूस साध्या ट्रायपॉडवर दुर्बीण लावून, समोरच्या घराच्या छपराकडे पाहावे तसा हा तेजोमेघ पाहू शकतो. इंटरनेटवरचे बरेच सल्ले अशा उत्तरेकडच्या देशांतून येतात. ते चुकीचे नसतात, पण आपल्या मानेचा हिशेब त्यांत नसतो.

जाता जाता एक सोपे माप: हात लांब करून मूठ धरली की तिची रुंदी साधारण १० अंश भरते. पन्हाळ्यावरून ध्रुवतारा क्षितिजापासून दोन मुठींपेक्षाही खाली असतो. साडेचार मुठींच्या वर, म्हणजे ४५ अंशांच्या पुढे पाहायचे असेल तर मानेला आधार हवाच.

हात स्थिर ठेवला तर चालत नाही का?

दुर्बिणीवर १०×५० लिहिलेले असते तेव्हा १० म्हणजे दहापट मोठे दिसणे आणि ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पण दहापट फक्त तारेच होत नाहीत, हाताची थरथरही दहापट होते. चंद्र पाहताना हे फारसे खुपत नाही. गुरूचे चार मोठे चंद्र पाहायला गेलात की फरक कळतो. हातात धरलेल्या दुर्बिणीत गुरूच्या आजूबाजूला नुसत्या वळवळणाऱ्या रेघा दिसतात. तीच दुर्बीण भिंतीला टेकवा, रेघांचे ठिपके होतात. अंधुक तारेही स्थिर दुर्बिणीतून जास्त दिसतात, कारण प्रत्येक ताऱ्याचा प्रकाश डोळ्यात एकाच जागी पडत राहतो.

वजनाचाही प्रश्न आहे. १०×५० साधारण ८०० ग्रॅम ते १ किलो, १५×७० दीड किलोच्या आसपास, २०×८० दोन किलोंच्या वर आणि २५×१०० चार किलोंहून जास्त भरते. ढोबळ नियम असा की दहापटीपर्यंत हाताने जमते, त्यापुढे आधाराशिवाय नाही.

आता एकेक पर्याय पाहू, फुकटापासून खर्चिकापर्यंत.

१. चटई, घोंगडे आणि उशी

सगळ्यात स्वस्त आणि १०×५० साठी खरोखर चांगला उपाय म्हणजे पाठीवर आडवे होणे. मान मोकळी राहते, पाठ टेकलेली असते आणि रोहिणी-कृत्तिका अगदी समोर येतात. डोक्याखाली उशी घ्या आणि दोन्ही कोपरांखाली एकेक लहान उशी किंवा घडी घातलेले ब्लँकेट सरकवा. हात अधांतरी राहिले की थरथर येते.

हिवाळ्यात पन्हाळ्यावर दव पडते. म्हणून खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर सतरंजी आणि अंगावर घोंगडे असा थाट हवा.

आडवे होऊन पाहताना दुर्बिणीचा पट्टा गळ्यात असू द्या. हात सुटला तर दुर्बीण सरळ तोंडावर येते!

मर्यादा एवढीच की ४५ अंशांच्या खालचे आकाश झोपून नीट दिसत नाही.

२. आरामखुर्ची

आजोबांच्या खोलीत किंवा माळ्यावर असणारी, कापडाची आणि लांब लाकडी हातांची आरामखुर्ची आठवते? दुर्बिणीने तारे पाहण्यासाठी इतके सोयीचे आसन शोधूनही सापडणार नाही. पाठ आणि डोके कापडावर टेकतात, कोपरे लाकडी हातांवर बसतात आणि दांडी एक खाच मागे घेतली की खुर्ची आणखी कलते. बाजारात मिळणारी, दुमडून गाडीत टाकता येणारी झीरो ग्रॅव्हिटी खुर्ची हाच आराम देते. घेताना दोन गोष्टी पाहा: डोक्याला आधार आहे का, आणि कोपरे टेकतील इतके हात उंच आहेत का.

साध्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मागे रेलून, पुढचे पाय उचलून पाहण्याचा मोह टाळा. खुर्ची कधी सटकेल सांगता येत नाही.

आरामखुर्चीत बसून थरथर आणखी कमी करण्याच्या दोन युक्त्या:

- दुर्बीण डोळ्यांजवळ न धरता पुढच्या मोठ्या भिंगांजवळ धरा. हात पुढे गेले की डोलणे कमी होते.
- कपाळावर झडप असलेली टोपी घाला. दुर्बिणीच्या नळ्या आणि टोपीची झडप एकत्र धरा. दुर्बिणीचे थोडे वजन डोक्यावर जाते आणि डोळ्यांसमोरून ती हलत नाही.

एकट्याने, १०×५० घेऊन, हिवाळ्यात पन्हाळ्यावर जाणार असाल तर इथेच थांबलात तरी चालेल. यापुढचा खर्च गरजेचा नाही.

३. मोनोपॉड, म्हणजे एक पाय

दुर्बीण १५×७० असेल तर दीड किलो वजन हाताला जाणवू लागते. इथे मोनोपॉड कामाला येतो. ही लांबी कमी-जास्त करता येणारी एक काठी असते. तिच्या टोकाला पुढे-मागे कलणारे हेड लावायचे आणि त्यावर दुर्बीण. काठीचे खालचे टोक आरामखुर्चीत दोन पायांमध्ये किंवा कमरेच्या पट्ट्याशी टेकवायचे. वजन काठीवर जाते, हातांना फक्त दिशा द्यावी लागते.

घरी करून पाहायचे असेल तर हलक्या बांबूच्या टोकाला इंग्रजी वाय आकाराचे बेचके बांधा, त्यावर कापड गुंडाळा आणि दुर्बीण त्यात टेकवा. दिसायला गावठी, पण काम चोख.

मोनोपॉड पिशवीत मावतो, एसटीने नेता येतो आणि वाऱ्यातही फारसा त्रास देत नाही. वजन, किंमत आणि उपयोग यांचा मेळ पाहिला तर बहुतेकांसाठी दुसरी खरेदी हीच असावी.

४. ट्रायपॉड: चांगला, पण अर्ध्या आकाशासाठी

"दुर्बीण घेतली, आता ट्रायपॉड घ्यायचा," असे बहुतेकांचे ठरलेले असते. अनेक दुर्बिणींच्या मधल्या बिजागरीच्या पुढच्या टोकाला एक छोटे टोपण असते. ते फिरवून काढले की आत स्क्रूची जागा दिसते. तिथे एल आकाराची पट्टी लावली की दुर्बीण कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर बसते. दुर्बीण घेण्यापूर्वी ही सोय आहे ना, हे नक्की पाहा.

क्षितिजापासून साधारण ५० अंशांपर्यंत ट्रायपॉड उत्तम. वृश्चिकेच्या शेपटीजवळचे आणि धनू राशीतले तारकागुच्छ व तेजोमेघ पन्हाळ्यावरून ३८ ते ५० अंशांवर येतात. मे महिन्यात मध्यरात्रीनंतर ते ट्रायपॉडवरून निवांत पाहता येतात. दक्षिणेकडे २६ अंशांवर येणारा ओमेगा सेंटॉरी हा भव्य तारकागुच्छ तर ट्रायपॉडसाठीच आहे. मेअखेरीस रात्री साडेनऊ-दहाला दक्षिणेकडे पाहा. लंडनकरांना तो कधीच दिसत नाही.

पण दुर्बीण वर वळवत गेलात की अडचणी सुरू होतात. डोळ्याकडची भिंगे खाली आणि आत जातात, तुमचे डोके ट्रायपॉडच्या पायांमध्ये घुसू लागते, गुडघे वाकतात आणि मान पाठीकडे मोडते. रोहिणी डोक्यावर असताना ट्रायपॉडवरून ती पाहणे ही जवळजवळ कसरतच होते.

तरीही ट्रायपॉडच घ्यायचा असेल तर:

- तुमच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा बराच उंच होणारा घ्या. उंच वस्तू पाहताना दुर्बीण डोळ्यांच्या वर असावी लागते.
- गोळ्यावर फिरणाऱ्या बॉल हेडपेक्षा व्हिडिओसाठीचे फ्लुइड हेड निवडा. ते सावकाश फिरते आणि सोडले की तिथेच थांबते.
- कॅमेऱ्याची बरीच हेडे पुढच्या बाजूला जास्त आणि मागे कमी कलतात. दुर्बीण उलट्या बाजूने बसवली की ती आणखी वर वळते.
- मधला दांडा पूर्ण वर काढू नका. तो जितका वर, तितकी थरथर जास्त.

५. समांतरभुज स्टँड: घरच्या सगळ्यांसाठी

२०×८० सारखी जड दुर्बीण असेल किंवा बरोबर मुले आणि आजी-आजोबा असतील, तर या प्रकाराला तोड नाही. यात दोन समांतर दांडे असतात आणि दोन्ही टोकांना ते बिजागरीने जोडलेले असतात. एका टोकाला दुर्बीण, दुसऱ्या टोकाला तोलाचे वजन. दांडे वर-खाली केले तरी दुर्बिणीची दिशा बदलत नाही. म्हणजे बाबांनी उभे राहून कृत्तिका लावून द्यायच्या, मग दुर्बीण खाली ओढायची आणि सहा वर्षांच्या मुलीने त्याच कृत्तिका पाहायच्या. पुन्हा शोधाशोध नाही.

हे तत्त्व आपल्या ओळखीचे आहे. किराणा दुकानातल्या जुन्या काउंटर तराजूची पारडी वर-खाली होतात, पण कलत नाहीत. तिथेही खाली असाच समांतरभुज चौकोन असतो. फ्रेंच गणिती रोबेर्वाल याने १६६९ मध्ये हा तराजू मांडला होता.

तोलाचा हिशेब तराजूसारखाच सोपा आहे. दुर्बीण आणि पट्टी मिळून २ किलो, टेकूपासून ८० सेंटिमीटरवर. २ गुणिले ८० म्हणजे १६०. मग दुसऱ्या बाजूला ४० सेंटिमीटरवर ४ किलो वजन हवे, कारण ४ गुणिले ४० सुद्धा १६०. (दांड्यांच्या वजनामुळे थोडे पुढे-मागे सरकवावे लागते.) व्यायामाच्या वजनाच्या चकत्या इथे छान चालतात. दोन सारख्या लांबीचे लाकडी दांडे आणि नीट जुळवलेली बोल्टची छिद्रे एवढे सांगितले तर हौशी सुतार हा स्टँड करून देऊ शकतो.

पण लक्षात घ्या, दुर्बीण, तोल आणि लाकूड मिळून भार सहज आठ किलोंच्या पुढे जातो. कॅमेऱ्याचा हलका ट्रायपॉड हा भार पेलत नाही. जमीन मोजणीसाठी वापरतात तसा दणकट ट्रायपॉड लागतो. हे सगळे सामान एसटीने न्यायचे नाही, गाडीच हवी.

६. आरसा आणि इलेक्ट्रॉनिक दुर्बीण

काही हौशी निरीक्षक दुर्बीण खाली रोखून समोरच्या तिरक्या आरशात आकाश पाहतात. टेबलावर वाचायला बसल्यासारखे हे आरामाचे असते. मात्र चित्र उलटे होते, त्यामुळे नकाशाशी जुळवताना गोंधळ उडतो. घरच्या आरशात काचेमुळे दुहेरी प्रतिमा दिसते, म्हणून वरच्या पृष्ठभागावर लेप असलेला खास आरसा लागतो. त्यावर दवही लवकर जमते.

थरथर आपोआप दाबणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या दुर्बिणीही मिळतात. त्या महाग असतात, आणि त्यांनी हात स्थिर झाला तरी मान अवघडायची ती अवघडतेच. आरामखुर्ची तेव्हाही लागते!

गडावर गेल्यावर काय सांभाळावे?

- वारा: बुरुजावर वारा अखंड असतो. भिंतीच्या आडोशाला बसा, ट्रायपॉडचे पाय कमी उंचीवर ठेवा आणि मध्ये पाण्याची किंवा वाळूची पिशवी लटकवा.
- जागा: पन्हाळा हा संरक्षित वारसा आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली. रात्री संरक्षित वास्तूंमध्ये शिरू नका. मुक्कामाच्या ठिकाणची गच्ची किंवा अंगण सगळ्यात चांगले. तटाकडेने अंधारात, डोळे वर करून चालणे तर नकोच.
- उजेड: मोबाइलचा पांढरा उजेड टाळा. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात.
- हंगाम: ऑक्टोबर ते मे. आषाढात गडावर काय असते, हे सिद्दी जौहरच्या वेढ्याची गोष्ट ऐकलेल्यांना सांगायला नको.
- सूर्य: पहाटेपर्यंत थांबलात तर उजाडण्याआधी दुर्बीण बंद करा. तिच्यातून सूर्याकडे चुकूनही पाहू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो.

विकत घेण्यापूर्वी दोन चाचण्या

पहिली, छताची चाचणी. दुकानात दुर्बीण स्टँडवर लावा, बरोबर डोक्यावरच्या छताकडे रोखा आणि दोन मिनिटे तशीच पाहत राहा. मान दुखली, पाय अडकले किंवा हेड तेवढे वळलेच नाही, तर तो स्टँड पन्हाळ्याच्या हिवाळी आकाशासाठी नाही.

दुसरी, टिचकीची चाचणी. लांबची एखादी पाटी दुर्बिणीत धरा आणि ट्रायपॉडला हलकी टिचकी मारा. चित्र एक-दोन सेकंदांत स्थिर झाले तर उत्तम. चार-पाच सेकंद डोलत राहिले तर गडावरच्या वाऱ्यात ते कधीच थांबणार नाही.

त्याहून चांगले म्हणजे आधी दुसऱ्याच्या स्टँडवर पाहून घेणे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था (स्थापना १९४४) आणि मुंबईचे खगोल मंडळ यांसारख्या संस्थांच्या आकाशदर्शन कार्यक्रमांत निरनिराळी साधने पाहायला मिळतात.

थोडक्यात: कोणी काय घ्यावे?

- १०×५०, एकटे किंवा दोघे: चटई किंवा आरामखुर्ची. खर्च जवळजवळ शून्य.
- १५×७०, प्रवास एसटीने: दुमडणारी खुर्ची आणि मोनोपॉड. खुर्ची जड वाटली तर चटई आणि मोनोपॉड.
- मुख्यतः उन्हाळ्यात, दक्षिणेचे आकाश पाहायचे: उंच ट्रायपॉड आणि फ्लुइड हेड.
- २०×८० किंवा सगळे कुटुंब, गाडी हाताशी: समांतरभुज स्टँड आणि दणकट ट्रायपॉड.
- २५×१००: पहिली दुर्बीण म्हणून नकोच.

आणि दुर्बीण आधीच कपाटात पडून असेल तर काहीही मागवण्यापूर्वी एक करा. माळ्यावरची आरामखुर्ची खाली काढा. जानेवारीतल्या एखाद्या बिनचांदण्याच्या रात्री ती पन्हाळ्यावरच्या गच्चीत मांडा, कोपरे टेकवा आणि साडेनऊच्या सुमारास सरळ वर पाहा. तांबूस रोहिणी बरोबर डोक्यावर असेल, थोडे उत्तरेकडे कृत्तिकांचा झुपका. साध्या डोळ्यांना सहा-सात दिसणाऱ्या कृत्तिका दुर्बिणीत किती होतात, ते मोजून पाहा. मान दुखत नसेल तर मोजायला भरपूर वेळ मिळेल.